बकम सिंगाचे पदक

मंडळी, आज आपण एका शेतकरी शिपायाची हकिकत वाचणार आहोत. ही हकिकत खरी आहे. शिपाई पंजाबातला. पण लढला तो कॅनडा नावाच्या परमुलखाच्या पलटणीतून. तो गेला त्याला शंभर वर्षे होऊन गेली. जवळजवळ नव्वद वर्षे त्याचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. मग एक दिवस एक पदक सापडले, आणि त्या पदकावरच्या चार अक्षरांनी सगळी हकिकत बाहेर काढली.

अक्षरात केवढी ताकद असते, तेही या धड्यात आपल्याला दिसेल. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर शेजाऱ्याला विचारा. अवघड शब्दांचे अर्थ धड्याच्या शेवटी दिले आहेत.

१. दुकानातले पदक

सन २००७ ची गोष्ट. इंग्लंडात एक दुकान होते. लोक तिथे अडीअडचणीला वस्तू गहाण ठेवत. सुटल्या नाहीत की दुकानदार त्या विकून टाकी. अशा दुकानात जुन्या लढायांची पदकेही येतात. शीख लोकांच्या इतिहासाचा एक अभ्यासक तिथून एक पदक विकत घेतो.

पदक दिसायला साधेच. जुन्या रुपयाहून जरा मोठे, पितळी-तांबूस रंगाचे. एका बाजूला पंख असलेली विजयदेवता. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरे. त्यांचा अर्थ असा : 'सुधारणेसाठी झालेले महायुद्ध, १९१४ ते १९१९.' पहिल्या महायुद्धात लढलेल्या लाखो शिपायांना असे पदक मिळाले. त्यात नवल काहीच नाही.

नवल होते ते पदकाच्या कडेवर. त्या काळी सरकार पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरून देत असे. या पदकावर नाव होते 'सिंग'. आणि पलटण होती कॅनडाची, विसावी पायदळ पलटण.

अभ्यासक चमकला. सिंग आणि कॅनडाची पलटण? हिंदुस्थानच्या फौजेत हजारो सिंग होते, ते सगळ्यांना ठाऊक होते. पण कॅनडाच्या गोऱ्या फौजेत शीख शिपाई कुठून आला? त्याने कॅनडाच्या सरकारी दप्तरखान्यात शोध घेतला. तिथे शिपायाचे जुने कागद जपून ठेवलेले होते. ते कागद उघडले आणि माणूस समोर उभा राहिला. त्याचे नाव बकम सिंग.

२. माहिलपूरचा पोरगा

पंजाबात होशियारपूर नावाचा जिल्हा आहे. त्यात माहिलपूर हे गाव. सतलज आणि बियास या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. त्याला दोआब म्हणतात. दोआब म्हणजे दोन पाण्यांमधली जमीन. बकम सिंग ५ डिसेंबर १८९३ रोजी या गावात जन्मला. घर शेतकऱ्याचे.

दोन नद्यांमधली जमीन म्हटली की आपल्याला वाटते, तिथे काय कमी असेल! पण तसे नव्हते. जवळच शिवालिकचे डोंगर आहेत. डोंगरावरचे रान तुटले होते. पावसाळ्यात तिथले ओढे फुगत आणि वाळूचे लोंढे शेतात आणून टाकत. चांगले रान वाळूखाली जाई. शिवाय घरात भाऊ चार, की जमिनीचे तुकडे चार. पुढच्या पिढीत तुकड्याचे आणखी तुकडे. वर सावकाराचे व्याज. आपल्याकडल्या शेतकऱ्याला हे दुखणे नव्याने सांगायला नको.

१९०३ साली बकमचे लग्न लागले. तेव्हा तो अवघा नऊ वर्षांचा होता. बायकोचे नाव प्रीतम कौर. ती जालंधरजवळच्या जमशेर गावची. त्या काळी आपल्याकडेही अशी लग्ने होत. मूल अजून गोट्या खेळतंय आणि डोक्याला बाशिंग! आज कायद्याने हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

गावात तेव्हा एक बोलणे कानावर येऊ लागले होते. कॅनडात म्हणे काम आहे. लाकडाच्या गिरण्या आहेत, लोहमार्गाची कामे आहेत. मजुरी डॉलरमध्ये मिळते. फौजेत राहून साता समुद्रापार जाऊन आलेले लोक हे सांगत. घरोघर हिशेब झाले. कोणी जमीन गहाण टाकली, कोणी दागिने मोडले, आणि एकेक तरुण बोटीत बसला.

१९०७ साली बकम सिंगही निघाला. वय चौदा. आपल्याकडे या वयाचा पोरगा बैलाला पाणी दाखवतो आणि शाळेत जातो. हा पोरगा समुद्र ओलांडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला उतरला. प्रीतम कौर मागे राहिली.

३. काम हवे, माणूस नको

१९०४ ते १९०८ या चार-पाच वर्षांत सुमारे ५ हजार हिंदी लोक कॅनडात उतरले. बहुतेक पंजाबातले शीख शेतकरी. जंगल तोडायचे, लाकूड कापायचे, रूळ टाकायचे. अंगमेहनतीत ते कोणाला हटत नसत.

पण तिथल्या गोऱ्या लोकांना ते डोळ्यांत सलू लागले. ते म्हणाले, ही माणसे कमी मजुरीवर काम करतात, आमचा घास काढतात. मग एकामागून एक कायदे आले.

१९०७ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हिंदी लोकांचा मताचा हक्क काढून घेतला. हिंदुस्थान इंग्रजांचा आणि कॅनडाही इंग्रजांचा. दोघांचा राजा एकच. पण एकाला मत आणि दुसऱ्याला नाही!

१९०८ साली दुसरा नियम आला. बाहेरून येणाऱ्याने आपल्या देशातून निघून, वाटेत कुठे बोट न बदलता, थेट कॅनडाला आले पाहिजे. नियमात हिंदुस्थानचे नावही नव्हते. पण हिंदुस्थानातून इतक्या लांब थेट जाणाऱ्या बोटीचे तिकीट मिळायचे बंद झाले होते. म्हणजे दार उघडे आहे असे म्हणायचे, आणि जिना काढून घ्यायचा! शिवाय हिंदी माणसाने उतरताना पदरी २०० डॉलर दाखवले पाहिजेत, असेही ठरले. ही रक्कम मजुराला डोंगराएवढी होती.

या नियमांनी सगळ्यांत मोठा घाव घातला तो संसारावर. कॅनडात असलेल्या माणसाला बायकामुले आणता येईनात. परत गावी जावे, तर पुन्हा आत येण्याची खात्री नाही. नवरा तिकडे, बायको इकडे. मध्ये दोन समुद्र आणि एक कायदा.

बकम सिंग काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावर राहिला. मग १९१२-१३ च्या सुमारास तो देशाच्या पार दुसऱ्या अंगाला, टोरांटोकडे गेला. रेल्वेने हे अंतर ४ हजार किलोमीटरांहून जास्त आहे. ओंटारिओ प्रांतात रोजबँक नावाच्या ठिकाणी एका शेतमालकाकडे तो शेतमजूर म्हणून राहिला. शेतकऱ्याचा पोरगा फिरून शेतातच आला. पण शेत दुसऱ्याचे होते, आणि हिवाळ्यात ते बर्फाखाली गाडले जाई. त्या भागात तेव्हा शीख माणूस क्वचितच दिसे.

४. परत पाठवलेली आगबोट

याच वेळी एक गोष्ट घडली. ती समजून घेतल्याशिवाय बकम सिंगाची गोष्ट पुरी कळणार नाही.

बाबा गुरदित्त सिंग नावाच्या एका गृहस्थांनी 'कोमागाटा मारू' ही जपानी आगबोट भाड्याने घेतली. एप्रिल १९१४ मध्ये ती हाँगकाँगहून निघाली. बोटीवर ३७६ उतारू होते. बहुतेक शीख, थोडे मुसलमान, थोडे हिंदू. २३ मे १९१४ रोजी बोट कॅनडाच्या व्हँकूव्हर बंदरात पोचली.

सरकारने उतारूंना उतरू दिले नाही. अगदी थोड्यांना, जे पूर्वी तिथे राहून गेले होते त्यांना, आत घेतले. बाकीचे दोन महिने बोटीतच अडकून राहिले. अन्नपाण्याचे हाल झाले. किनारा डोळ्यांना दिसत होता, पण पाय ठेवता येत नव्हता. किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांनी आपल्या कमाईतून वर्गणी काढली, वकील दिला. कोर्टात ते हरले. २३ जुलै रोजी लढाऊ जहाजाच्या पहाऱ्यात बोट परत लावून देण्यात आली. सप्टेंबरच्या अखेरीस ती कलकत्त्याजवळ बजबज येथे लागली. तिथे पोलिसांनी गोळीबार केला आणि सुमारे वीस माणसे मेली.

आता तारखा नीट पाहा. बोट कॅनडातून हाकलली २३ जुलैला. त्यानंतर बाराच दिवसांनी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, इंग्लंड महायुद्धात उतरले, आणि त्याच्याबरोबर कॅनडा आणि हिंदुस्थानही. बारा दिवसांपूर्वी ज्यांना 'तुम्ही नको' म्हटले, त्यांच्याच भाऊबंदांना आता राजासाठी लढायला बोलावणे आले.

५. फौजेत नाव घातले

कॅनडाच्या फौजेत गोऱ्यांखेरीज इतरांना सहसा घेत नसत. कोणाला घ्यायचे ते पलटणीचा अंमलदार ठरवी. कितीतरी लोक दारातून परत गेले. सगळ्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेत दहाच्या आसपास शीख शिरू शकले. बकम सिंग त्यांतला एक, आणि अगदी पहिल्या काहींतला. १९१५ सालच्या वसंत ऋतूत तो भरती झाला. वय एकवीस.

भरतीच्या वेळी एक छापील अर्ज भरावा लागे. त्यात प्रश्न असत. तुमचे नाव काय? जन्म कोणत्या गावी, कोणत्या देशात? जन्मतारीख काय? धंदा काय? लग्न झाले आहे का? सगळ्यांत जवळचे नातेवाईक कोण, आणि त्यांचा पत्ता काय? शेवटचा प्रश्न फार मोलाचा. माणूस पडला तर तार कोणाला करायची, ते त्यावरून ठरे.

कॅनडाच्या शिपायाला रोज १ डॉलर आणि वर भत्ता १० सेंट मिळे. महिन्याचे ३३ डॉलर, म्हणजे त्या वेळचे शंभराच्या आसपास रुपये. त्याच काळात हिंदुस्थानच्या फौजेतल्या शिपायाचा महिन्याचा पगार होता ११ रुपये. लढाई एक, गोळी एक, आणि जिवाची किंमत मात्र निरनिराळी!

ऑगस्ट १९१५ मध्ये तो बोटीने इंग्लंडला गेला. तिथे कवायत झाली. जानेवारी १९१६ मध्ये तो फ्रान्सच्या भूमीवर उतरला आणि विसाव्या पलटणीत दाखल झाला.

हिंदुस्थानचे शीख, गुरखे, गढवाली, पठाण आणि इतर शिपाई १९१४ पासून फ्रान्स-बेल्जममध्ये लढत होते. पण बकम पोचला त्याच सुमारास त्यांच्या पायदळ पलटणी तिथून हलवून इराककडे पाठवल्या गेल्या होत्या. त्यामुळे पंजाबी बोलायला शेजारी कोणी उरले नव्हते. गोऱ्यांच्या पलटणीत हा एकटा.

६. चिखलातली लढाई

बेल्जममधल्या त्या भागाला फ्लँडर्स म्हणतात. जमीन सपाट. माती चिकण. आपल्या काळ्या रानात भर श्रावणात पाय कसा रुततो, ते आठवा. तिथे दोन-तीन हात खणले की पाणी लागते. चांगल्या दिवसांत शेतकरी चर काढून हे पाणी वाहून नेत. तोफांच्या गोळ्यांनी ते चर मोडले, आणि सगळा मुलूख दलदल झाला.

शिपाई राहात ते खंदकात. खंदक म्हणजे जमिनीत खणलेला लांबच लांब चर. वर मातीच्या पोत्यांची भिंत. समोर काटेरी तारा. तारांपलीकडे शत्रूचा खंदक, कुठे कुठे एखाद्या शेताच्या अंतरावर. डोके वर काढले की गोळी. खाली पाणी, उंदीर आणि उवा. दिवसेंदिवस पाय ओले राहून सडत. शेतकऱ्याला चिखलाची सवय असते खरी, पण तो संध्याकाळी घरी येतो, पाय धुतो, चुलीपुढे बसतो. इथे घर नव्हते आणि चूलही नव्हती.

एप्रिल १९१६ मध्ये विसावी पलटण सेंट एलुआ गावाजवळच्या लढाईत होती. इंग्रजांनी जमिनीखाली बोगदे खणून सुरुंग उडवले होते. त्यांचे विहिरीसारखे प्रचंड खड्डे पडले. खड्डे पाण्याने भरले. त्या खड्ड्यांसाठी दोन आठवडे झगडा चालला. कॅनडाचे तेराशेंहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. आणि इतके होऊन जागा हाती राहिली नाहीच.

जून १९१६ मध्ये बकम सिंग जखमी झाला. फुटलेल्या तोफगोळ्याची कपची डोक्याला लागली. इस्पितळात मलमपट्टी झाली, आणि बरा होताच तो पुन्हा खंदकात आला. जुलैमध्ये दुसरी जखम. या वेळी गोळी पायात शिरली. ही जखम मोठी होती.

त्याला फ्रान्समधल्या कॅनडाच्या एका मोठ्या लष्करी इस्पितळात नेले. या इस्पितळाचा हिंदुस्थानशी एक लहानसा धागा होता. १९१५ साली ते प्रथम उघडले, तेव्हा भोपाळच्या बेगमसाहेबांनी देणगी दिलेल्या दरबारी तंबूंत होते. पण ते तंबू समुद्रावरच्या वादळवाऱ्याला टिकले नाहीत, म्हणून पुढे ते पक्क्या इमारतीत गेले. तिथले एक मुख्य डॉक्टर होते जॉन मॅक्रे. ते कवीही होते. फ्लँडर्सच्या शेतांत मेलेल्या शिपायांवर त्यांनी एक कविता लिहिली. त्या कवितेत खसखशीच्या जातीच्या लाल रानफुलांचा उल्लेख आहे. तेव्हापासून कॅनडा, इंग्लंड वगैरे देशांत नोव्हेंबर महिन्यात लोक छातीवर लाल फूल लावून मेलेल्या शिपायांची आठवण करतात. त्या कवी-डॉक्टरांच्या इस्पितळात माहिलपूरचा बकम सिंग खाटेवर होता.

७. खोकला

पुढच्या उपचारासाठी त्याला इंग्लंडला पाठवले. पायाची जखम भरत आली. पण इंग्लंडात असतानाच त्याला क्षयाने गाठले. जखमेतून वाचलेला माणूस खोकल्याने खंगू लागला.

त्या काळी क्षयाचे जंतू डॉक्टरांना ठाऊक होते, पण त्यावर औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन, दूध आणि विश्रांती एवढाच उपाय. क्षयावरचे पहिले खरे औषध सापडायला १९४३ साल उजाडले. बकम सिंगाला ते मिळणे शक्यच नव्हते.

इथे जरा थांबा. आपल्या गावातही क्षय आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, थुंकीतून रक्त पडणे ही त्याची लक्षणे. आज सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषध फुकट मिळते. औषध साधारण सहा महिने घ्यावे लागते. 'बरं वाटतंय' म्हणून मध्येच सोडू नका. बकम सिंगाला जे मिळाले नाही, ते आपल्या दारात आहे.

फौजेने त्याला कॅनडाला परत आणले. ओंटारिओ प्रांतातल्या किचनर शहरात एक लष्करी इस्पितळ होते, तिथे ठेवले. या शहराचे मूळ नाव बर्लिन. जर्मनीशी लढाई चालू असताना गावाचे नाव बर्लिन कसे ठेवायचे, म्हणून १९१६ साली त्याला सेनापती किचनरचे नाव दिले. हाच किचनर आधी सात वर्षे हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता.

२७ ऑगस्ट १९१९ रोजी बकम सिंग त्या इस्पितळात मरण पावला. वय पंचवीस. लढाई संपून नऊ महिने झाले होते. शिखांत प्रेताला अग्नी देतात. त्याला माऊंट होप नावाच्या दफनभूमीत मूठमाती मिळाली. हजारो कोसांवर प्रीतम कौर होती. लग्नानंतर सोळा वर्षे झाली होती, आणि त्यांतली शेवटची बारा वर्षे तो गावी परतला नव्हता. तो आता कधीच परतणार नव्हता.

आणि पाहा, त्याच १९१९ साली कॅनडा सरकारने नियम सैल केला, की तिथे राहणाऱ्या हिंदी माणसाला बायकामुले आणता येतील. प्रीतम कौरला त्याचा काय उपयोग?

त्याच साली एप्रिलमध्ये पंजाबात अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. राजासाठी लढलेल्या मुलखाला राजाच्या अंमलदाराने दिलेले हे बक्षीस. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, ते असे.

८. हक्क मिळाला, पण उशिरा

हिंदी लोकांचा मताचा हक्क ब्रिटिश कोलंबियात परत मिळाला १९४७ साली. काढून घेतला १९०७ ला, दिला १९४७ ला. मध्ये चाळीस वर्षे गेली. तो आपोआप मिळाला नाही. तिथल्या आपल्या लोकांनी अर्ज केले, सभा घेतल्या, शिष्टमंडळे नेली. आमचे लोक या देशासाठी रणात पडले आहेत, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. पुढे १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून कोमागाटा मारूच्या उतारूंबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनंतर का होईना, चूक ती चूक असे म्हटले गेले.

बकम सिंगाचे पदक सापडल्यावर कागद शोधले गेले, आणि कागदांवरून कबर सापडली. पहिल्या महायुद्धातल्या शीख शिपायाची कॅनडातली ही एकच कबर आजवर माहीत आहे. आता दर वर्षी नोव्हेंबरात लोक तिथे जमतात. फेटे बांधलेले शिपाई आणि पोलीस येतात, लहान पोरे येतात, फुले वाहतात. नव्वद वर्षे ज्या दगडाकडे कोणी पाहिले नाही, तो दगड आता एकटा नाही.

९. आपण काय घ्यायचे?

काही जण म्हणतील, 'तो तिकडचा, आपल्याला त्याचं काय?' पण महायुद्ध आपल्या गावांतूनही गेले आहे. बकम सिंग फ्लँडर्सच्या चिखलात होता, तेव्हा मराठा पलटणी इराकमध्ये कूत शहरात वेढल्या गेल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे सुमारे पाच महिने त्यांनी उपासमार सोसली. साताऱ्याच्या बाजूला काही गावांत आजही एक दगडी शिळा दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, आणि इतकी परत आली नाहीत, असे तिच्यावर लिहिलेले असते. अशा शिळांवर आकडा आहे. नावे बहुधा नाहीत.

आकडा आणि नाव यांत केवढा फरक आहे, तो बकम सिंगाने आपल्याला दाखवला. 'एक शीख मेला' एवढेच लिहिले असते, तर ती गोष्ट तिथेच संपली असती. पण नाव लिहिले होते, गाव लिहिले होते, नातेवाईक लिहिले होते. म्हणून माणूस परत सापडला.

तुमच्या गावात अशी शिळा असेल, तर ती वाचायला आता तुम्हाला दुसऱ्याची गरज नाही. तिच्यावरचा आकडा वाचा. मग घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. पणजोबा कुठे गेले होते, कोणती पलटण, कोण परतले, कोण नाही, ते विचारा. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आज ना उद्या सांगणारे जातील. वही राहील.

आणि आपलेही कागद तपासा. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, बँकेच्या पुस्तकावर आपले नाव सगळीकडे सारखे आहे का? बायकोचे नाव, आईचे नाव लिहिले आहे का? वारसाच्या जागी कोणाचे नाव आहे? हे आपण स्वतः वाचून पाहायचे. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचा हक्क मागायला फार झगडावे लागते.

शब्दांचे अर्थ

पलटण – शिपायांची मोठी तुकडी.
दप्तरखाना – सरकारी जुने कागद जपून ठेवण्याची जागा.
हुद्दा – नोकरीतली पायरी, पद.
अंमलदार – अधिकारी.
खंदक – लढाईत आसरा घेण्यासाठी खणलेला चर.
कपची – फुटलेल्या वस्तूचा धारदार तुकडा.
शिष्टमंडळ – लोकांच्या वतीने बोलायला गेलेली चार निवडक माणसे.
मूठमाती – प्रेत पुरताना वाहायची माती, पुरणे.

प्रश्न

१. पदकाच्या कडेवर काय काय कोरलेले असे? त्यात अभ्यासकाला नवल का वाटले?
२. दोआबातले शेतकरी गाव सोडून का जात होते? तुमच्या गावातून लोक कशासाठी बाहेर जातात?
३. 'थेट बोटीने या' हा नियम दिसायला साधा होता. तो अन्यायाचा कसा?
४. कोमागाटा मारू परत पाठवल्यावर किती दिवसांनी महायुद्ध सुरू झाले?
५. ज्या देशाने मत दिले नाही, त्या देशासाठी बकम सिंग लढला. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते? वर्गात चर्चा करा. सगळ्यांचे मत एक होणार नाही, आणि व्हायलाच हवे असे नाही.

लिहून पाहा

भरतीच्या अर्जातले प्रश्न पाचव्या भागात दिले आहेत. ते वहीत उतरवून घ्या. प्रत्येकापुढे स्वतःचे उत्तर लिहा : नाव, गाव, जन्मतारीख, धंदा, जवळचे नातेवाईक. लिहून झाले की पुन्हा एकदा वाचा आणि खाली सही करा.